साडी नेसणारी शेवटची पिढी म्हणे!

(पोस्ट मोठी आहे. सावकाश वाचा, पण पूर्ण वाचा.)

गेल्या आठवड्यात आपल्या गावातल्या तीन वेगवेगळ्या ग्रुपवर मला एकच मेसेज आला. हात जोडलेले दोन इमोजी, एक रडका चेहरा आणि खाली मजकूर : आपली आई म्हणजे साडी नेसणारी शेवटची पिढी, तिला जपा. तिन्ही ग्रुपवर टाकणारे पुरुष. तिघांनाही मी ओळखते, तिघेही जीन्स आणि टी-शर्टात फिरतात. त्यांच्या आजोबांचं धोतर आणि बंडी कधी गेली, यावर कोणी रडका चेहरा टाकल्याचं मला तरी आठवत नाही.

राग आला असं नाही. मलाही साडी आवडते. लग्नकार्यात, हळदीकुंकवाला मी हौसेने नेसते. पण या तालुक्यात वीस-बावीस वर्षं बातमीदारी करताना एक गोष्ट वारंवार बघितली. बाईच्या कपड्यावर गावात सगळे बोलतात. ती त्या कपड्यात दिवसभर काय काम करते, हे मात्र कोणी विचारत नाही. माझ्या मते कपडा बदलतो तो कामामुळे आणि मानामुळे. संस्कृतीची आठवण लोकांना नंतर येते.

सुरुवात आजीपासून करते.

आजी आयुष्यभर नऊवारी लुगड्यात राहिली. सुती, काठाचं, गडद रंगाचं. मळलं तरी दिसायचं नाही. आजच्या जाहिरातीत नऊवारी म्हटलं की नथ, चंद्रकोर आणि ढोल-ताशा दिसतो. आजीची नऊवारी त्यातली नव्हती. ती कामाची होती. कास्टा मागे खोचला की दोन्ही पाय सुटे. वाकून निंदण करा, डोक्यावर भारा घेऊन बांध ओलांडा, विहिरीच्या पायऱ्या उतरा, कुठेच अडत नाही. आई गोल साडी नेसायची, तिला आजी म्हणायची, "आमी नऊवारी घालून पऱ्हाटी वेचो, निंदण करो. कास्टा मारला का पाय मोकये. तुमची गोल साडी म्हंजे पायाले दावं बांधल्यावानी."

म्हणजे बघा. ज्या साडीला आज आपण 'पारंपरिक' म्हणून जपायला निघालो, ती आमच्या घरात आली तेव्हा 'शहरी सोंग' होती. आई सत्तरच्या दशकाच्या शेवटी लग्न होऊन आली. गोल साडीवरून तिला दोन वर्षं ऐकावं लागलं. त्याच आईने पुढे माझ्या लग्नानंतर मी पंजाबी ड्रेस घातला तेव्हा मला ऐकवलं. घराघरात हीच गोष्ट आहे. काल जे सोंग होतं, ते आज संस्कृती होतं.

हे काही आपल्याच घरातलं नाही. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये डॉक्टरकी शिकायला अमेरिकेला गेल्या. नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात. तिकडे ते सभ्य मानलं जायचं नाही, आणि थंडीही तशीच. त्यांनी तिथे गुजराती पद्धतीने साडी नेसायला सुरुवात केली. मार्च १८८६ मध्ये त्या एम.डी. झाल्या. नेसण्याची पद्धत बदलली म्हणून त्यांचं मराठीपण कमी झालं, असं आज कोणी म्हणेल का? त्या काळी मात्र बाईच्या जोड्यावरून आणि छत्रीवरूनही वाद व्हायचे.

आता जरा अवघड गोष्ट लिहिते. 'पूर्वी आपल्या बायका' असं म्हणताना आपण कोणत्या बायकांबद्दल बोलतो?

कारण पूर्वी काय नेसायचं हे सगळ्या बायकांच्या हातात नव्हतं. काही घरांत नवरा मेला की बाईचं केशवपन करायचे आणि तिला लाल आलवण नेसवायचे. तोही पारंपरिक पोशाखच होता. आणि खालच्या मानलेल्या जातींच्या बायकांना तर लुगडं किती खाली नेसायचं, अंगावर कोणत्या धातूचा दागिना घालायचा, यावरही गावाचा पहारा असायचा. रस्त्याने जाणारी बाई कोणत्या जातीची हे दुरून कळावं, हा त्याचा उपयोग.

डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या सत्याग्रह परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर खास बायकांशी बोलले. त्यांच्या सांगण्याचा अर्थ असा होता, की तुमचं गुडघ्यावर नेसलेलं लुगडं आणि अंगावरचे ते जड दागिने ही तुमच्या अस्पृश्यतेची खूण आहे. ती टाका आणि घोट्यापर्यंत नीट लुगडं नेसा. बायकांनी ते लगेच मनावर घेतलं. चवदार तळ्याचं पाणी सगळ्यांना माहीत आहे. त्याच लढ्यात लुगडं चार बोटं खाली आलं, हे कमी जणांना माहीत असतं.

नंतर १४ ऑक्टोबर १९५६. नागपूरची दीक्षाभूमी. लाखो लोक पांढऱ्या कपड्यांत आले, बायका पांढऱ्या साड्यांत. ज्या समाजात पांढरं लुगडं म्हटलं की लोकांना विधवा आठवायची, तिथे सवाष्ण बायकांनी पांढरी साडी नेसून धम्म घेतला. आमच्या शेजारच्या एक आजी त्या दिवसाबद्दल सांगायच्या. नवऱ्याबरोबर काटोलहून गेल्या होत्या. पांढरी साडी उसनी आणली होती. त्या म्हणायच्या, "साडी दुसऱ्याची होती, पन त्या दिवशी मी माही होतो." आजही दसऱ्याला आपल्या स्टँडवरून नागपूरच्या गाड्या भरून जातात, तेव्हा त्या पांढऱ्या साड्या, काहींना निळा काठ, मला वेगळ्याच दिसतात. साडीचा मान त्या बायकांनी स्वतः ठरवला होता. म्हणून मी साडीच्या विरुद्ध नाही. साडी कोण ठरवतं, एवढाच माझा प्रश्न आहे.

आता आजच्या शेतात चला.

कापूस वेचणीला किंवा सोयाबीनच्या सोंगणीला जाणारी कोणतीही बाई बघा. अंगावर साडी आहे, पण वरून नवऱ्याचा किंवा पोराचा जुना फुल शर्ट. डोक्याला आणि तोंडाला दुपट्टा. पायात मोजे, असले तर जुने बूट. आपण रोज बघतो, पण हा पोशाख आहे असं आपल्याला वाटतच नाही. कोणत्याही फॅशनवाल्याने तो काढला नाही, कोणत्याही सरकारने दिला नाही. बायकांनीच केला. कोंढाळी रस्त्याला एका वेचणीवालीला विचारलं तर म्हणाली, "काय सांगू ताई, बोंडाचे काटे लागतात ना. सदरा घातला तं हात वाचते, अन् साडीबी फाटत नाही." मी विचारलं, मग सरळ शर्ट-पँटच का नाही? ती हसली. "पँट घालून गावातून जाऊ कशी?"

शेतात चालते ती गोष्ट गावाच्या रस्त्यावर चालत नाही. शर्ट साडीवर असला की तो 'कामाचा' होतो. साडी काढली की तोच शर्ट 'चाळा' होतो.

शिवाय ती साडी आता सुती राहिली नाही. बहुतेक सुरतेची सिंथेटिक. स्वस्त, धुवायला हलकी, दोन तासांत वाळते, इस्त्री लागत नाही. मजूर बाईने ती का घेतली हे उघड आहे. पण ४५ अंशांच्या उन्हात ती अंगाला चिकटते आणि चुलीजवळ पेटली तर वितळून कातडीला बसते. आजीचं लुगडं जुनं झालं की त्याची वाकळ व्हायची, त्यातून उरलेल्याचं पोतेरं. सिंथेटिक साडीची वाकळ कोणी शिवली तरी तिला ऊब नाही, आणि पोतेरं पाणी टिपत नाही. साडी गेली म्हणून रडणाऱ्यांनी खरं तर या सुती कापडासाठी रडायला हवं होतं.

आता माझं सांगते.

२००२ मध्ये नागपुरातून पत्रकारितेची पदविका करून मी इथे कामाला लागले. तेव्हा तालुक्यात बातमीसाठी फिरणारी बाई म्हणजे लोकांना नवल. पहिल्याच पत्रकार परिषदेत एका पुढाऱ्याने सगळ्यांसमोर म्हटलं, "मॅडम, साडीत आल्या असत्या तर शोभलं असतं." बाकीचे हसले. माझ्या शेजारी बसलेल्या पत्रकार मित्राच्या शर्टाचं वरचं बटन तुटलं होतं, त्याला कोणी काही बोललं नाही. मी प्रश्न विचारला, उत्तर लिहून घेतलं आणि निघाले. पुढे नाल्याच्या पुरात, अपघाताच्या जागी, मतमोजणीच्या रात्री मी सलवार-कुर्त्यात होते म्हणून पोहोचू शकले. साडीत पोहोचलेच नसते असं नाही. माझ्या आधी साडीत मोठमोठी कामं केलेल्या बायका होत्या. पण उशिरा पोहोचले असते, आणि बातमीत उशीर म्हणजे बातमी गेली.

एक गंमत सांगते. मोटारसायकलच्या मागच्या चाकाला जाळी असते ना, जिला आपण साडी गार्ड म्हणतो, ती दुकानदार हौसेने लावत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांत १२३ नंबरचा नियम आहे. मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून मागचं चाक निम्म्याहून कमी झाकून चालत नाही. म्हणजे बाई साडीत आहे आणि मागे एका बाजूला बसली आहे, हे कायद्याने ओळखलं आणि गाडी बदलायला लावली. मला हे फार आवडतं. बाईला कपडे बदल म्हणण्याआधी यंत्र बदला, असं कुठेतरी एकदा तरी झालं. पण दरवर्षी मळणीयंत्रात पदर किंवा ओढणी अडकल्याच्या बातम्या येतात. त्या यंत्राच्या पट्ट्यावर झाकण आहे का, हे आपल्यापैकी किती जण बघतात?

आणि कारखान्यांचं काय? आपल्या भागातल्या कित्येक मुली, बाया कंपनीच्या बसने ड्युटीला जातात. घरून साडी किंवा ड्रेस, आत गेल्यावर गणवेश. बाजारगावच्या स्फोटकांच्या कारखान्यात १७ डिसेंबर २०२३ ला स्फोट झाला, नऊ जण गेले, त्यात सहा महिला होत्या. घर चालवायला गेलेल्या. मुलींनी जीन्स घालावी का यावर समाजाच्या बैठका होतात, त्याच्या बातम्या मी लिहिल्या आहेत. कामावर जाणाऱ्या मुलीच्या अंगावरचा कपडा तिला वाचवेल का, यावर बैठक झाल्याची बातमी मला अजून लिहायला मिळाली नाही.

आता ज्यामुळे ही पोस्ट लिहायला बसले ते सांगते.

आपल्या तालुक्यात पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुली खूप आहेत. पहाटे पाचला रस्त्याने, मैदानावर पळताना दिसतात. मैदानी चाचणीचे ५० गुण. त्यात मुलींना ८०० मीटर धावणं २० गुणांचं, १०० मीटर १५, गोळाफेक १५. एकेका सेकंदावर नोकरी ठरते. साडीत किंवा पायघोळ सलवारीत ८०० मीटर पळून दाखवा, मग बोलू.

गावातून येणाऱ्या एका मुलीला मी वर्षभरापासून ओळखते. नाव लिहीत नाही. वडील दुसऱ्याच्या संत्र्याच्या बागेत राखणीला आहेत. ती घरून पंजाबी ड्रेस घालून निघायची, आत ट्रॅक पँट. मैदानावर कपडे बदलायला आडोसा नाही, म्हणून आई सोबत यायची. गाऊन, वरून ओढणी, हातात टॉर्च. ओढणी धरून उभी राहायची, पोरगी कपडे बदलायची. मी त्या मुलीला विचारलं, भीती वाटते का? ती म्हणाली, "पळायची नाही वाटत ताई. घरापासून ग्राउंडपर्यंतच्या रस्त्याची वाटते."

दिवाळीनंतर तिला एक स्थळ आलं. मुलाकडच्यांना कोणीतरी मोबाइलवर तिचा पळतानाचा फोटो दाखवला. हाफ पँटमधला. निरोप आला, मुलगी चांगली आहे पण आम्हाला घरंदाज पाहिजे. वडिलांनी तिचं पळणं बंद केलं. तीन आठवडे ती मैदानावर दिसली नाही. हे तीन आठवडे तिच्या किती सेकंदांचे, ते तिलाच माहीत.

नंतर तिची आई उभी राहिली. नवऱ्याला ती काय म्हणाली, ते तिनेच मला सांगितलं. "मी बारा वर्सं तुमचा सदरा घालून लोकाच्या वावरात कापूस वेचला. तवा कोनी नाई म्हटलं का घरंदाज नाई. पैसा घरात आला तं सदरा चालला. आता पोट्टीचा चालत नाई?"

मुलगी पुन्हा पळते आहे. निकाल काय लागेल मला माहीत नाही. पण या बाईचं वाक्य मी वहीत लिहून ठेवलं आहे. संस्कृतीवरच्या दहा भाषणांपेक्षा मला त्यात जास्त कळलं.

सरकारही यात मागे नाही. ८ डिसेंबर २०२० ला सामान्य प्रशासन विभागाने कर्मचाऱ्यांच्या पोशाखाचं परिपत्रक काढलं. त्यात महिलांना साडी, सलवार, चुडीदार-कुर्ता यांच्यासोबत ट्राउझर पँट आणि त्यावर कुर्ता किंवा शर्टही चालेल असं होतं. मार्च २०२४ मध्ये शिक्षकांसाठी आदेश आला, तेव्हा बाईंसाठी यादी साडी, सलवार, चुडीदार, कुर्ता, दुपट्टा अशी. तहसीलमधल्या बाईला जी पँट चालते, ती वर्गातल्या बाईंच्या यादीत नाही. पोरांना लंगडी, कबड्डी शिकवायची असते ती शाळेत, तहसीलमध्ये नाही!

साडी वाटण्यातही तेच. अंत्योदय कार्डावर रेशन दुकानातून वर्षाला एक साडी, अशी योजना राज्याने आणली. २०२४ मध्ये पालघर जिल्ह्यातल्या जव्हार, डहाणू भागातल्या आदिवासी बायकांनी त्या साड्या तहसीलमध्ये नेऊन परत दिल्या. साडी नको, हाताला काम द्या, कपडे आम्ही घेऊ, असं त्यांचं म्हणणं. इतकं सरळ कोणी बोललं नव्हतं.

साडी टिकावी असं ज्यांना मनापासून वाटतं, त्यांच्यासाठी एक काम आहे. नागपूर, उमरेड, पवनी, भंडारा या पट्ट्यातल्या कोष्टी विणकरांच्या मागावर विदर्भाच्या बायकांची लुगडी विणली जायची. करवती काठाची टसर साडी ही तर आपलीच, तिला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. टीव्हीने पैठणी घरोघर नेली, चांगलं झालं. पण तुमच्या कपाटात एक तरी करवती काठ आहे का? नागपुरात टाटांची एम्प्रेस मिल १८७७ मध्ये सुरू झाली, या शतकाच्या सुरुवातीला बंद पडली. माग एकेक करून बंद होताहेत. मेसेज फॉरवर्ड करून माग चालत नाही. विकत घेतल्याने चालतो.

गुढीपाडव्याला फेटा, गॉगल आणि शिवलेली नऊवारी घालून बुलेटवर बसणाऱ्या पोरी मला आवडतात. नाडी बांधली की पाच मिनिटांत तयार. काही जण नाकं मुरडतात, की हे खरं नेसणं नाही. आजी असती तर तिने आधी विचारलं असतं, पाय मोकये हायेत का? आहेत. मग झालं.

माझ्या अनुभवावरून सांगते, साडी संपणार नाही. ती रोजची राहणार नाही, सणाची होईल. शेतात ती शर्टासोबत राहील, अंगणवाडी सेविकेच्या अंगावर गणवेश म्हणून राहील. घरात गाऊन आधीच आला आहे. भाजीवाल्याच्या गाडीपर्यंत त्यावर ओढणी टाकून जाणाऱ्या बायकांना आता कोणी हटकत नाही. पंचवीस वर्षांपूर्वी हटकायचे. जे बायकांना सोयीचं वाटतं, ते टिकतं. आपण सगळे थोडी कुरकुर करतो आणि सवय करून घेतो.

माझं मागणं छोटं आहे. नगरपालिका असो, ग्रामपंचायत असो, क्रीडा विभाग असो. ज्या मैदानांवर आपल्या मुली भरतीची तयारी करतात, तिथे कपडे बदलायला चार भिंतींची एक खोली, एक दिवा आणि एक नळ द्या. कोणाच्या आईला ओढणी धरून अंधारात उभं राहावं लागू नये. पुढच्या मासिक सभेत हा विषय कोणता सदस्य मांडतो, ते मी बघणार आहे आणि नावासकट लिहिणार आहे.

आणि पहाटे पळणाऱ्या पोरींचे फोटो काढून पाठवणाऱ्या भावांनो, तुमचे नंबरही पोरींकडे आहेत. एवढंच सांगते.

तुमच्या घरात आजी कशी नेसायची, आईला पहिल्यांदा कपड्यावरून कोणी टोकलं आणि तुम्हाला कोणी टोकलं, कमेंटमध्ये लिहा. बायकांनी आधी लिहा. पुरुषांनी धोतर कधी सोडलं तेही सांगा, बघू कोणाला आठवतं.